त्रेपन्नास एक

उद्यमनगरात, दस्तगीरभाईंच्या शेडमध्ये
चार महिने उभा आहे पाइपांचा पिंजरा.
चाकं आहेत, पट्टे आहेत, सीट आहे,
आणि जिथं पोट असावं तिथं भोक.
भाईंचा भाचा त्यात सायकल ठेवतो.

इंजिन ठरत नव्हतं.

इराण्णा म्हणाला, जिप्सीचं घाल, हलकं हाय,
दोघांत उचलून ठेवशील.
खरं होतं. पण सादळ्याच्या वरच्या खाणीत
दगडाला चाक लागून थांबलं की
ते पेट्रोलचं पोरगं आधी ओरडणार, मग उडी मारणार.
मला उडी नको होती.
मला हवं होतं चरकासारखं काहीतरी:
उसाची मोळी आत गेली तरी
ज्याचा आवाज बदलत नाही.

शिरोलीच्या भंगारात सापडलं
जुन्या जीपचं डिझेल, चिखलात बसलेलं.
भाईंनी तिथंच बॅटरी लावली,
पेचकसाचं टोक ब्लॉकवर, मूठ कानाला,
आणि डोळे मिटले.
"तिसऱ्याला खोकला आहे," म्हणाले, "पण बेडका नाही.
घे."

मग भिंतीवर खडूनं हिशेब.
पहिला गिअर चार. ट्रान्सफर अडीचला थोडा कमी.
डिफ पाच अडतीस.
गुणाकार त्रेपन्नाच्या अलीकडे थांबला,
भाईंनी तो पुढं ढकलून त्रेपन्न केला.
म्हणजे आत त्रेपन्न फेऱ्या
तेव्हा बाहेर चाकाची एक.
इतक्या सावकाश की दगडाला
आपण येतोय हे आधी कळावं.

सगळे खूश. इराण्णानं वडापाव मागवला.
तेव्हा मी म्हणालो, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक बघूया.

कंप्रेसर बंद पडल्यासारखी शांतता.
मग हसू.
"भावा, मग मावशीची स्कूटरच ने की खाणीत!"
"त्रेपन्नाचं काय करायचं मग, पुसू?"
मी काहीबाही बोललो, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात,
चढावर इंजिन मरत नाही.
सगळं खरं होतं.
आणि त्यातलं एकही कारण नव्हतं.

मागच्या डिसेंबरात, त्याच खाणीत,
जीप कुशीवर आली तेव्हापासून
डावा गुडघा माझं ऐकतो, पण उशिरा.
क्लच अर्धा धरून ठेवायचा तर
सातव्या-आठव्या सेकंदाला मांडी थरथरते.
घरी सांगितलंय, बरा आहे.
यांनाही तेच.

भाई हसले नाहीत.
फडक्यानं हात पुसत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

आठवड्यानं टेम्पोतून एक गिअरबॉक्स उतरला,
कुण्या कारखान्याच्या चेअरमनच्या
जुन्या मर्सिडीजचा. वायरी नाहीत, कॉम्प्युटर नाही,
नुसतं तेल आणि अक्कल.
"आत दोन पंखे, समोरासमोर," भाई इराण्णाला सांगत होते,
"मधे तेल. एक दुसऱ्याला धक्का देत नाही,
समजावतो.
तेल तापणार मात्र. कूलर मोठा घालायचा."

मर्सिडीजची घंटा जीपच्या इंजिनाला बसेना.
मालन हेरवाडेनं मधली प्लेट कापून दिली,
तीनदा सेंटर तपासून, नथ सावरत:
"अर्धा सूत जरी सरकलं
तरी गाडी नाचंल, मिस्त्री, आणि नाव माझं जाईल."

नवा गुणाकार त्रेपन्नाच्या खूप खाली आला.
खडूचा जुना आकडा कुणी पुसला नाही.

काल रात्री पहिल्यांदा आत बसलो.
उजव्या पायाला दोन पेडल.
डावीकडं, जिथं क्लच असता,
तिथं पाय सवयीनं गेला
आणि पत्र्यावर टेकला.
जाळीदार पत्रा, तिरका, ताजा वेल्ड केलेला,
कडा कानसीनं मारलेल्या,
आणि नेहमीपेक्षा बोटभर उंच,
गुडघा जेवढा दुमडतो
नेमका तेवढा.

मी मापं दिली नव्हती.

भाई शटरपाशी पाठमोरे उभे,
सायकल कुठं ठेवायची आता
यावर भाच्याशी वाद घालत.