कळ

मॉरा गिलक्रिस्ट शेजारी राहायची, भिंतीला भिंत लागून.
डंडीच्या घड्याळांच्या कारखान्यात आता
घड्याळं कमी, कॉम्प्युटर जास्त बनत होते.
ती दिवसभर डाख द्यायची,
बोटांना राळेचा वास, रविवारीसुद्धा.

त्र्याऐंशीच्या नाताळात कामगारांच्या सवलतीत
तिनं आम्हाला एक काळा डबा आणून दिला.
वहीएवढा. बटणं खोडरबरासारखी मऊ.
"यातला एखादा जोड माझा असेल," म्हणाली.

टीव्ही घरात एकच, डबा त्यालाच लावायचा,
म्हणजे बातम्या बुडाल्या.
यशोधर टेप सुरू करायचा आणि घरभर किंकाळी,
मांजराच्या शेपटीवर कुणी पाय देऊन उभं राहिल्यासारखी,
पाच मिनिटं.
पडद्याच्या कडेला निळेपिवळे पट्टे धावायचे,
चौथ्या मिनिटाला काहीतरी बिनसायचं,
पुन्हा पहिल्यापासून.
एवढ्या वेळात भाकऱ्या होतात, मी म्हणायचे.
सात वर्षांची इरावती ओठांवर बोट ठेवायची:
हळू बोल ना, तो ऐकतोय.

त्र्याण्णवला कारखाना बंद पडला.
त्याआधी मॉरा फाटकाशी महिनोन्‌महिने
फलक धरून उभी.
मी एकदा डबाभर भजी नेली.
ती गारठलेल्या हातांनी सगळ्यांना वाटली तिनं,
स्वतःला एक ठेवलं.

मग किंकाळी परत आली, या वेळी टेलिफोनच्या तारेतून.
इंटरनेट लागलं की फोन अडकायचा,
मॉरा दार वाजवायची: जिवंत आहेस ना?
निळ्या आंतरदेशीय कागदांचा गठ्ठा वाढायचा थांबला.
भालूदादा इचलकरंजीच्या सायबर कॅफेतून लिहायला लागला,
तासाचे पैसे मोजत, तुटक, रोमन अक्षरांत.
त्या अक्षरांत ल आणि ळ एकच.
न आणि ण एकच.
ऱ्हस्वदीर्घाची तर गोष्टच सोडा.

एका मंगळवारी त्याची ओळ आली.
आई घरी. मग के, ए, एल. मग आली. आता बरी आहे.
आई मिरजेला मावशीकडे गेली होती.
मी वाचलं, काल आली.
मी लिहिलं: छान. आंबे खाल्ले का?
आणि नाइनवेल्सच्या लॅबमध्ये ड्युटीला गेले,
दिवसभर लोकांचं रक्त मोजत बसले.

चार दिवसांनी खरा फोन आला.
काल नव्हतं ते.
कळ होती. छातीतली.

आई त्यातून उठली.
आणखी सहा वर्षं जगली, आणि सहाही वर्षं
येईल त्याला सांगत राहिली,
मला कळ आली, तर लेक म्हणते कशी, छान!
आंबे खाल्ले का!
लोक हसायचे. फोनवर मीही हसायचे,
दुसऱ्या हातानं वायर बोटाला गुंडाळत.

कीबोर्डला मराठीत कळफलक म्हणतात,
हे मला फार उशिरा कळलं.

परवा इरावती लीड्सहून आली,
माझ्या फोनमध्ये देवनागरी घालून गेली.
मी आधी एकच अक्षर शोधलं,
दाबलं, आणि भालूदादाला पाठवलं.
ळ.
तिकडे रात्रीचे अकरा. लगेच उत्तर: काय गं?
काही नाही, लिहिलं मी.
आहे का, बघत होते.

तो काळा डबा अजून माळ्यावर आहे.
मॉराला दाखवायला खाली आणला.
ब्याऐंशीची आहे ती, हात थरथरतात,
पण पेचकस तिनंच मागितला.
झाकण उघडलं, भिंग धरलं,
हिरव्या पाटीवरचे ठिपके
एकेक करून बराच वेळ तपासले.
बाहेर सीगल ओरडत होते. चहा निवला.
"छे," म्हणाली शेवटी,
"यातला एकही माझा नाही.
माझे सुबक असायचे."