लवकरच

डलुथमध्ये मार्च सरला तरी सरोवरावर बर्फ असतो.
लाँड्रीच्या खाली, तळघरात, आमचं प्रकाशन:
दोन टेबलं, एक हीटर, एक वर्ना लिंडक्विस्ट
आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मी,
पुलावरची पाळी संपली की.
वरची यंत्रं फिरायला लागली
की फाशांचा डबा आपोआप थरथरतो.
पहिल्या वर्षी दचकायचो.

पुस्तक तयार आहे. म्हणजे शहाण्णव पानं आहेत,
एक बुडालेलं गाव, त्यात घंटा वाजवणारा आंधळा,
एक्केचाळीस राक्षस,
आणि प्रत्येक राक्षसाशेजारी एक रिकामी चौकट.
किती घाव सोसतो, किती जोरात मारतो,
हे आम्ही ठरवायचं नसतं.
खेळ त्यांचा, नियम त्यांचे,
आम्ही त्यांच्या ओसरीवर पथारी टाकलेली माणसं.

नवी आवृत्ती येतेय, हे सांगितलं ऑगस्टमध्ये.
नियम आधी तुम्हा छोट्यांना देऊ, हे ऑक्टोबरमध्ये.
डिसेंबरात गुप्ततेचे कागद आले.
वर्नाने निळ्या शाईने तीन प्रतींवर सह्या केल्या
आणि जे तिला माहीतच नव्हतं
ते कुणाला न सांगण्याची शपथ घेतली.

जानेवारीत: लवकरच.
फेब्रुवारीत: लवकरच, आणि पुढे एक हसरा चेहरा.
मार्चमध्ये उत्तर देणारी मुलगी नवी होती.
तिने विचारलं, आपण कोण?

मॅनिटोवॉकचा छापखानेवाला सज्जन आहे,
पण यंत्र रिकामं ठेवणं त्याला परवडत नाही.
चौदा मे, तो म्हणतो, नाहीतर थेट सप्टेंबर.
जत्रा भरते ऑगस्टमध्ये.
ओडेलने चित्रं पाठवली, सोबत बिल.
त्याच्या घरी जूनमध्ये बाळ येणार आहे.
बिलावर त्याने ते लिहिलेलं नाही,
म्हणून ते जास्त जड लागतं.

वर्ना कुणाला शिव्या देत नाही.
म्हणते, तिकडेही कुणीतरी असेल,
रात्री अकराला त्याच चौकटी पुसून पुन्हा भरणारं.
माझं मन एवढं मोठं नाही.
घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, मी विचारतो,
आणि तिच्या वाटची कॉफीही पिऊन टाकतो.

माझ्या कामात असं नसतं.
जहाज तोंडाशी येतं, भोंगा देतं,
पूल त्याच सुरात उत्तर देतो, मग वर जातो.
म्हाताऱ्याच्या शिडाच्या होडीला थांबावं लागतं, खरंय.
पण अर्धा तास.
तो अर्धा तास घड्याळात असतो.

गुरुवारी खेळायला येतात:
रात्रपाळीआधी नर्स सॉलवेग, हार्डवेअरवाला एमेट,
आणि त्याची अकरा वर्षांची भाची टॅन्सी,
जिला हरणं मान्य नाही.
या मिठाच्या बाईला मारायला किती घाव लागतात?
वर्ना म्हणाली, अजून कळवलेलं नाही.
टॅन्सीने फासा मुठीत धरला, जरा विचार केला.
म्हणजे तोवर ती मरूच शकत नाही.
मग तिच्याशी बोलायला लागेल.
आणि बोलली. पावणेदोन तास.
सॉलवेगला कामावर उशीर झाला.

तेरा मे. चौकटी रिकाम्याच छापायच्या, वर्नाने ठरवलं.
प्रत्येक प्रतीसोबत एक पेन्सिल.
सहाशे पेन्सिली, एमेटच्या दुकानातून, उधारीवर.
हे शहाणपण की हार, ते मला सांगता येत नाही;
तिलाही नसावं, कारण पान पाठवताना
तिचा अंगठा बराच वेळ बटणावर नुसता टेकलेला होता.

साडेदहाला टिंग वाजलं.
दोघांनी एकदम वर पाहिलं.

वर, लाँड्रीत,
कुणाचे तरी कपडे धुऊन झाले होते.