म्हैसमाळ ते पैठण

जीपमध्ये मागे बॅटरी, आणि माझ्या मांडीवर
गोधडीत गुंडाळलेला डिटेक्टर.
घाटात खड्डा आला की काझी मॅडम ओरडायच्या,
"ढवारे, लेकरू सांभाळा!"

म्हैसमाळला रात्रभर मोजले.
टिक. टिकटिक. मग श्वासभर काहीच नाही.
मिनिटाला शंभर धरू, हिशोबाला सोपे.

म्यूऑनचं आयुष्य म्हणे दोन मायक्रोसेकंद.
सहाशे मीटर खाली येईस्तोवर
शंभरातले चाळीस उरायला पाहिजेत.
पैठणला, धरणाजवळच्या विश्रामगृहात
निघाले नव्वद.
मी वायर हलवून पाहिली.

"त्यांचं घड्याळ सावकाश चालतं, ढवारे.
आणि त्यांच्याकडून पाहाल,
तर घड्याळ नीटच आहे,
डोंगर बुटका झालाय."

म्हैसमाळ, बुटका!
पेटी घेऊन चढ चढताना
माझ्या गुडघ्यांना हे कुणी सांगितलं नाही.

मार्चात रिटायर झालो.
लॅबच्या चाव्या दिल्या, सही केली.
आता ओट्यावर शेंगा फोडत बसतो,
मधेच तळहात आभाळाखाली उघडा धरतो.
सेकंदाला एक, मॅडमच्या हिशोबानं,
आरपार.

बायको म्हणते, चैतात कुठला पाऊस बघताय?
बघत नाही, म्हटलं.
मोजतोय.