ओला की सुका

सकाळी सातला घंटागाडी येते.
इंदूरकरांना हे शिकवावं लागत नाही:
हिरव्या डब्यात ओला, निळ्यात सुका,
डायपर वेगळे, कागदात गुंडाळून.
पोह्यांवर पिळलेल्या लिंबाची साल मी
निर्माल्याइतक्या नेमानं टाकते.

मोरीचं मात्र कुणी विचारत नाही.
भांड्यांचा फेस, शेवेचं तेल,
जावळेकाकूंच्या मशीनचं निळसर पाणी
कॉलनीमागच्या नाल्यातून
सिरपूरच्या तलावाकडे जातं, रोज, मुकाट.

आमच्या रजिस्ट्रीत लिहिलंय: सूखी भूमि.
आम्ही प्लॉट पाहिला तो मार्चात.
गेंदालाल कहार एकदा म्हणाला,
“बाई, तुमच्या जिन्यात मी मरळ धरलीय.”
आणि हसला. मी नाही हसले.
दर श्रावणात तिसऱ्या पायरीपर्यंत ओल चढते,
आम्ही डांबर फासतो, बिल्डरला शिव्या देतो.

आता त्याच्या जाळ्यात जलपर्णी येते,
कधी प्लास्टरचा एखादा हात,
अजून आशीर्वाद देणारा.
हळदीकुंकू बदकं यंदा सात.
गॅलरीतून मोजली मी;
आठवं वाटलं ती पिशवी होती.

काल गच्चीवर, टाकीखालच्या खडीत
टिटवीची चार अंडी दिसली.
खाली कुठे जागा उरली नसेल.
ती माझ्या डोक्यावरून ओरडत फिरत राहिली,
जणू मीच पाण्यातून वर आलेय.
कपडे वाळत न घालताच
परत फिरले मी, ओली बादली घेऊन,
तिच्या काठावरून.