फोटोपुरतं नाक

बुसान, सहावा मजला. लिफ्ट उघडली
आणि तिच्याआधी तिचा वास आत आला,
मीठ, डिझेल, सुकी मांदेली.
सोफ्यावरच्या दोन कॉलेजच्या पोरींनी
मास्क वर ओढले.

फॉर्म मीच भरला. प्यो मल्सुन, वय एकाहत्तर,
राहणार थोंगयंग, धंदा जाळी सांधणे.
मल्सुन म्हणजे शेवटची.
आईबापांनी पाचव्या मुलीला ठेवलेलं नाव,
देवाला कळावं, की आता पुरे.
देवाला कळलं नाही. सहावीही मुलगीच.
हे तिनंच सांगितलं, हसत,
आणि हसताना हात गेला तो नाकावर,
तोंडावर नाही.

कारण, या रकान्यात काय लिहू?
"लिही, फोटोसाठी."
कसला फोटो?
"मेल्यावर फुलांत ठेवतात ना, तो."

डॉक्टर ब्योन नाकासमोर चालणारा माणूस.
म्हणाले, "आजी, हा दोरा टिकत नाही.
सहा-आठ महिन्यांत अंगातच विरून जातो.
आकार राहिलाच तर वर्षभर."
ती म्हणाली, "फोटोला किती वेळ लागतो?"

ट्रेमध्ये मी दोरे मांडले,
चार दांडीसाठी, तीन शेंड्यासाठी.
तिनं हात पुढे केला, मी अडवला.
मग नुसतीच मान वाकवून पाहिलं,
बाजारात माशाचे कल्ले पाहतात तसं.
"काटे आहेत याला."
हो, मांस धरून ठेवायला.
"आणि तरी विरघळतो?"
हो.
"कोण विकत घेतं असला दोरा!"
पन्नास वर्षं तिनं नायलॉन ओवला होता,
तुटून तळाशी गेला तरी
तिच्यामागे कैक वर्षं तिथंच पडून राहील असा.

भुलीच्या सुईला ती हललीसुद्धा नाही.
मग बोथट सुई, शेंड्यातून आत, कपाळाच्या दिशेनं.
ती बोलत राहिली, आवाज बसका, गेंगाणा:
सासूनं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं,
समोरून भोकं दिसतात,
या नाकात पैसा राहायचा नाही.
राहिला नाही.
दोन होड्या गेल्या, एक नवरा.
"नाकाचाच दोष असेल असं नाही," डॉक्टर म्हणाले.
"तुम्ही आपलं ओढा," ती म्हणाली.

बावीस मिनिटं.
आरसा दिला. बराच वेळ गप्प.
मग आरशातल्या बाईला तिनं
किंचित वाकून नमस्कार केला,
अनोळखी माणसाला करतात तसा.

चौदा महिन्यांनी पुन्हा आली.
नाक मूळ जागी, भोकं समोर.
मला वाटलं, परत ओढून घ्यायला.
तिनं पिशवीतून सुकी मांदेली काढली,
दोन किलो, वर्तमानपत्रात बांधलेली.
फोटो कसा आला?
"छान. कपाटात आहे, रेशमी फडक्यात.
कधीमधी काढून बघते तिला.
चांगल्या घरची वाटते.
जन्मात जाळ्याला हात लावला नसेल,
तोंडावरूनच कळतं."
जरा थांबली.
"दुसरा काढलाय, धक्क्यावर, नातवाच्या मोबाइलवर.
कुठला ठेवायचा तो ठेवतील.
मला थोडाच दिसणार आहे?"

जाता जाता तिनं माझी बाही धरली.
काठाचा एक धागा सुटला होता,
माझ्या ध्यानातही नव्हता.
बोटाला दोन वेढे, एक गाठ,
उरलेला दातांनी तोडला.
तेवढ्यात लिफ्ट आली.

कोट आता जुना झाला.
कॉलर उसवली, खिसा उसवला,
दोनदा टाकायला काढला.
गाठ चाचपली, परत अडकवून ठेवला.