परार्धाच्या पुढचा एक

सोल्नोकच्या साखर कारखान्यात
वजनकाट्यावर एतेल्का बुर्यान बसायची.
बिटाची गाडी आली, की वहीत एक उभी रेघ.
पाचवी आडवी मारायची, अशी तिथली रीत.
त्या रात्री तिनं मारली नाही.
तिसा नदी गोठली होती. उजाडेपर्यंत
एकोणीस गाड्या आल्या,
आणि पानावर उभे राहिले एकोणीस एक,
सगळे सारखे;
लहानमोठे झाले ते फक्त जागेनं.

माझ्या भाषेत एकं, दहं, शतं म्हणत चढलं
की अठराव्या पायरीवर परार्ध येतं
आणि नावं संपतात.
हिचा पहिला एक त्याच्याही पुढे,
बिननावाच्या जागी.
आणि एकोणीस हा शब्द तरी काय,
विसाला एक उणा असल्याची तक्रार.

तिनं भागून पाहिलं.
दोननं: बाकी एक.
तीननं: एक. पाचनं, सातनं,
अकरानं, तेरानं, एकच.
सतरानं नऊ उरले तेव्हा तिला हायसं वाटलं,
म्हणजे आपला हात चुकत नव्हता.
एकोणिसानं पुन्हा एक.

एक गाडी कमी आली असती
तर तीन, सात, अकरा, तेरा सगळे आत घुसले असते,
तीन तर दोनदा.
एक जास्त आली असती
तरी अकरानं दार ढकललंच असतं.

तिचा दीर बोदोग शाळामास्तर.
तो म्हणाला, सगळ्यांनी कशाला भागतेस?
अडतिसानं भागून एक उरतो
असेच मूळ आकडे घे: १९१, २२९, ४१९, ४५७...
मग बोटं मोडत म्हणाला,
तसेही तीसेक लाख आहेत.
ती म्हणाली, बरं.

एका हंगामात वीसेक व्हायचे.
गाडी आली की भागाकार तिथंच थांबे,
बिटाची माती पानावर पडे.

अकराव्या हिवाळ्यात, जेवताना,
आलुबुखार भरलेले गोळे वाढून घेत
बोदोग एकदाचं बोलला:
हिला कुणीच भागत नाही, एतेल्का,
हे सिद्ध होऊन गेलंय. फार पूर्वी.
मला पहिल्यापासून माहीत होतं.
तिनं घास संपवला. विचारलं,
४१९ला त्यांची बाकी किती आली?
तो म्हणाला, त्यांनी भागलंच नाही.
भागलं नाही, मग भेटले कधी तिला?
बोदोगला उत्तर सुचलं नाही.
गोळे मात्र त्यानं आणखी दोन घेतले.

कारखाना बंद झाल्यावर
ती वही त्यानं माझ्याकडे दिली.
शेवटच्या पानावर भाजक ३८०३९,
भागाकार दहाव्या एकापर्यंत आलेला.
पेन्सिल कुठं टेकली होती ते दिसतं.
मी ताळा केला, तिथवर सगळं बरोबर आहे.
अकरावा एक
खाली घ्यायचा राहिलाय.