पेन त्याच्याच हातात

तीन दिवसांचं ट्रेनिंग, टिळकवाडीत, कॉलेजच्या वरच्या मजल्यावर,
जिथं मोडके बाक एकावर एक रचून ठेवलेत.
आम्ही अकरा जण. अकाउंट्सला चार, इकॉनॉमिक्सला तीन,
इंग्लिशला तिघी,
स्टॅटिस्टिक्सला मी एकटी.

हुंदरे मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
एनसीसीच्या पोराचा बूट स्वतःच्या पायात घालून बसल्या,
म्हणाल्या, लेस बांधायला शिकव मला. हात न लावता.
पंधरा मिनिटं गेली. लेस सुटलेलीच.
आम्ही हसून हसून बाकावर आडवे,
मग आमची पाळी आली.

नियम थोडेच होते.
"समजलं का?" असं विचारायचं नाही,
सगळे हो म्हणतात, नापास होणारे तर आधी.
समोरच्याच्या हातातलं पेन घ्यायचं नाही.
प्रश्न टाकला की आठ सेकंद गप्प राहायचं.
आठ सेकंद म्हणजे किती, ते घड्याळ लावून दाखवलं त्यांनी:
खाली रेल्वे गेटाजवळ एक रिक्षा बंद पडली, चालू झाली,
तरी दोन उरले होते.

मागून कुणीतरी विचारलं, मॅडम, भाषा कुठली?
खोली एकदम ताठ झाली.
या प्रश्नावर आमच्याकडं दुकानांची शटरं खाली येतात.
मॅडम बुटाची लेस सोडत म्हणाल्या,
"ज्या भाषेत तो अडलाय, त्या भाषेत."
आणि पुढचा मुद्दा.

माझ्या वाट्याला रेवणसिद्ध कामकर.
वडगावचा. घरात चार माग, जन्मापासून कानांत खडखड,
म्हणून जरा मोठ्यानंच बोलतो, लायब्ररीतसुद्धा.
तो कन्नड मीडियमचा. मी खानापूरकडची, मराठी शाळेची.
पुस्तक इंग्लिशमधलं.
दोघांनाही सासर.

स्टँडर्ड डेव्हिएशन. मी धडाधड सुरू केलं,
सरासरी काढ, प्रत्येक आकड्यातून ती वजा कर,
आलेल्याचा वर्ग कर...
"याक?" तो म्हणाला. का?
वर्ग कशाला? नुसती बेरीज का नको?

मला माहीत नव्हतं.
बारावीला ब्याण्णव होते मला यात,
आणि मला माहीत नव्हतं.

हात आपोआप त्याच्या पेनाकडं गेला.
अर्ध्यावर थांबवला, ओढणीत लपवला.
"करून बघ की," म्हटलं, "नुसती बेरीज."
त्यानं केली. शून्य.
खालच्या गणिताची केली. शून्य.
वर बघितलं माझ्याकडं.

एक. दोन. तीन.
पंख्याचं एक पातं वाकडं आहे, हे तेव्हा दिसलं.
चार. पाच.
इतकं बोलावंसं वाटत होतं की दात दुखले.
सहा.

सात.

"एक एळी इकडं सरकली,"
तो आधी कन्नडात, मग मराठीत, मग बोटांनीच बोलायला लागला,
"दुसरी तेवढीच तिकडं. बेरीज शून्य.
पण साडी? साडी शेठ परत पाठवतो की.
चूक चुकीनं फिटत नाही.
म्हणून वजाचं चिन्ह मारायचं आधी. वर्ग करून."
कपाटाजवळच्या मुलीनं शुक् केलं.
त्याला ऐकूच गेलं नाही.

मी ते लिहून घेतलं. माझ्या वहीत.

"तुला माहीत होतं," तो हसला,
"मुद्दाम सांगितलं नाहीस. ट्रेनिंग ना?"

मी आठ सेकंद गप्प राहिले.
खरं काय ते नवव्याला सांगितलं.

"बिडू," म्हणाला, आणि पान उलटलं.
वर्ग का करायचा ते आता दोघांनाही येत होतं.
शेवटी त्याचं मूळ कशाला काढायचं,
ते बुधवारी. माझी बस होती.